बेल्जियमचे बेवडे कान फेस्टिवलला चालतात, मग आपलेच का खुपतात?

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. मराठी सिनेमावाले गरिबी विकतात, गावातली घाण नेऊन फॉरेनच्या फेस्टिवलला दाखवतात, आपली बदनामी होते वगैरे. आणि मी बेल्जियममध्ये गेंटला राहतो म्हणून लगेच मला, "तू सांग रे, तिकडचे लोक काय म्हणत असतील!"

काही म्हणत नाहीत रे बाबा, ते स्वतःचीच लक्तरं वेशीवर टांगण्यात बिझी आहेत. सगळं फ्लँडर्स (बेल्जियमचा डच बोलणारा भाग) मिळून माणसं साधारण ६८ लाख, आणि त्यांचा २००९ चा 'दे हेलासहाइट देर डिंगेन' बघा. आईच्या घरी पडून असलेले चार भाऊ, दिवसरात्र बिअर, नागड्याने सायकलची शर्यत, आणि त्यातल्या एकाचं तेरा वर्षांचं पोरगं हे सगळं बघत मोठं होतंय. कानला गेले तेव्हा ही टीम समुद्राकाठच्या रस्त्यावरनं खरंच नागडी सायकली चालवत गेली, आणि बेल्जियमने ऑस्करलासुद्धा हाच पिक्चर पाठवला. 'रुंट्सकॉप'मध्ये तर गुरांना चोरून हार्मोन टोचणारे शेतकरी, १९९५ साली हार्मोन माफियाने एका सरकारी पशुवैद्याचा खून केला होता त्यावरनं सुचलेला, तो थेट ऑस्कर नॉमिनेशनपर्यंत गेला. शेतकऱ्यांची बदनामी झाली म्हणून गळा काढलेला मी तरी कोणी बघितला नाही.

माझा लाडका मात्र 'आनरायडिंग इन मोस्काउ'. पोस्टात नोकरी करणारी बाई, तीन पोरं, नवरा एका तरुण पोरीच्या नादाने गेलेला, आणि ही सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ट्रकला ठोकते आणि वर त्या ड्रायव्हरशीच असली कचाकचा भांडते की बास. हे मोस्काउ म्हणजे आमच्या गेंटमधलाच भाग. बार्बरा साराफियानचा तो दमलेला, वैतागलेला चेहरा मला कोलराउट सुपरमार्केटच्या लायनीत दर शनिवारी दिसतो. भाषेचंही तसंच, वेस्ट फ्लँडर्सचा माणूस टीव्हीवर बोलला की खाली सबटायटल टाकतात आणि विषय संपतो (हसतात, पण ते सोडा). आपल्याकडे 'सैराट'मधली करमाळ्याची बोली ऐकून किती जणांनी नाकं मुरडली होती!

आता खरं सांगायचं तर त्या चार बेवड्यांवर मी पोट धरून हसलो कारण ते माझे कोणी लागत नाहीत. 'फँड्री'त डुकरामागे पळणारं ते कुटुंब आलं की मी पॉज करून चहा टाकायला उठतो. मी बार्शीचा, आमचं घर कुठल्या आळीत होतं आणि डुकरं धरायला कोणाला बोलवायचे ते मला माहितीये. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड काय गेंटच्या माणसाला लागणारे?

इथल्या पिक्चरमध्ये मी कुठेच नाही. आदिल आणि बिलाल या दिग्दर्शकांनी ब्रसेल्सच्या पोरांवर 'ब्लॅक' केला, पण वर्क परमिटवर आलेला आयटीवाला त्यात कुठनं येणार. 'फँड्री'त मात्र मी आहे, त्याच डुकराच्या सीनमध्ये, मजा बघत फिदीफिदी हसणाऱ्या पोरांच्यात.