पायउतार व्हावे, पण बेताने

ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुले असलेले सॉफ्टवेअर मिळून घडवणाऱ्या समुदायाने रीतसर मतदान घेऊन तुम्हाला प्रमुखपदी बसवले, ते पद तुम्ही वर्ष-दोन वर्षे सांभाळले आणि आता ते सोडावेसे वाटू लागले आहे, अशी तुमची स्थिती असेल तर आधी मनापासून अभिनंदन. कारण ज्या पदाला पगार नाही, कार्यालय नाही आणि कोणाला कामावरून काढण्याचा अधिकारही नाही, ते पद सोडून सत्तात्यागाचे पूर्ण पुण्य पदरात पाडून घेण्याची संधी फार थोड्यांच्या वाट्याला येते. दुर्दैवाने बहुतेक जण ती वाया घालवतात. कामांची यादी पुढच्या माणसाच्या हाती देतात, दोन ओळींत आभार मानतात आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या जुन्या सॉफ्टवेअर पॅकेजांमधल्या चुका दुरुस्त करायला बसतात. अशाने नाव राहत नाही. तुमच्याबाबतीत तसे होऊ नये म्हणून हे चार शब्द.

या विषयाचा अभ्यास डेबियनपासून, म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून घडवलेल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पापासून सुरू करावा, कारण पद सोडण्यातली सगळी गंमत घालवून टाकण्याची व्यवस्था तिथल्या घटनेने फार पूर्वीच करून ठेवली आहे. इयन मर्डॉक यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाने 1998 मध्ये आपली लेखी घटना मंजूर केली आणि प्रकल्पप्रमुखाचा कार्यकाळ नेमका एक वर्षाचा ठरवला. वर्ष सरत आले की निवडणूक लागते: एक आठवडा इच्छुकांनी स्वतःचे नाव स्वतःच सुचवायचे, पुढचे तीन आठवडे प्रचाराचे, त्यानंतरचे दोन मतदानाचे. म्हणजे पद सोडू इच्छिणाऱ्या माणसाने करायचे काय, तर त्या पहिल्या आठवड्यात काहीच करायचे नाही. राजीनामा लिहायला नको, तो कोणी स्वीकारायला नको, मनधरणीला कोणी यायला नको. इतक्या अळणी तरतुदीवर तुमच्यासारख्याने समाधान मानणे बरे नव्हे.

तेव्हा या तरतुदीत चव आणायची असेल तर आधी मौन पाळायला शिका. आपण पुन्हा उभे राहणार नाही हे फेब्रुवारीतच सांगून टाकले तर दोन-तीन होतकरू माणसे विचार करतील, घरच्यांशी बोलतील, तुम्हालाच फोन करून कामाचे स्वरूप विचारतील, आणि नामांकनाच्या आठवड्यात अर्ज घेऊन हजर होतील. मग तुमच्यावाचून अडले कुठे? शेवटच्या संध्याकाळपर्यंत कोणालाही थांगपत्ता लागू न देणे हाच उत्तम मार्ग. मात्र यातून फार मोठ्या पेचप्रसंगाची अपेक्षा धरू नका, असा इशारा देणे माझे कर्तव्य आहे. 2019 मध्ये नामांकनाची मुदत संपली तेव्हा खरोखरच एकही अर्ज आलेला नव्हता. बाहेर त्याच्या बातम्याही झाल्या. पण घटनेत त्याचीही सोय निघाली, ती अशी की अर्ज नसेल तर मुदत आठवड्याने वाढवायची आणि लागेल तितक्या वेळा वाढवत राहायची. वाढीव आठवड्यात उमेदवार मिळाले आणि सॅम हार्टमन निवडून आले. मधल्या काळात खुर्ची रिकामी राहिली असती तरी तांत्रिक समितीचे अध्यक्ष आणि प्रकल्पाचे सचिव या दोघांनी एकमताने आवश्यक ते निर्णय घ्यावेत, अशी तजवीज आहेच. प्रमुख नसला तरी प्रकल्प चालेल हे लेखी कबूल करणारी घटना कोणत्याही स्वाभिमानी प्रमुखाला खटकलीच पाहिजे.

आता आपण नेमके सोडणार काय, हेही एकदा डोळ्यांखालून घातलेले बरे. डेबियनच्या प्रमुखाला कामांसाठी प्रतिनिधी नेमता येतात, पण प्रतिनिधीने एकदा घेतलेला निर्णय प्रमुखाला फिरवता येत नाही, आणि अमुकच निर्णय घेणार असशील तर नेमतो अशी अटही घालता येत नाही. तातडीचे निर्णय आणि ज्यांना दुसरे कोणी वाली नाही असे निर्णय मात्र त्याच्याकडे येतात. चर्चेत त्याने उपयोगी पडेल असा भाग घ्यावा, पण पदाचा वापर स्वतःची मते पुढे रेटण्यासाठी करू नये, असेही घटना सांगते. हजाराच्या आसपास डेव्हलपर, त्यातला प्रत्येक जण आपल्या मतावर ठाम, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मत मांडायची चोरी असलेला एक प्रमुख! लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि मीठ किती घालायचे ते विचारायचे नाही.

प्रत्यक्षात वर्ष जाते ते टपालात. परिषदेला येणाऱ्या कोणाचे तरी विमानभाडे मंजूर करायचे असते. कुठल्या तरी बिल्ड सर्व्हरच्या हार्ड डिस्कने मान टाकलेली असते आणि नवी घ्यायला होकार हवा असतो. टी-शर्टवर डेबियनचे ते लाल भोवऱ्यासारखे चिन्ह छापले तर चालेल का, अशी कोणी विचारणा करतो. आणि दोन जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याविषयी लिहिलेले लांबलचक पत्र असते, ज्याच्या शेवटी ‘हे कृपया आपल्यातच राहू द्यावे’ अशी विनंती असते आणि ज्याची प्रत आणखी सहा जणांना गेलेली असते. पैसा डेबियनच्या स्वतःच्या तिजोरीत नसतो. अमेरिकेतली सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट आणि अशाच इतर विश्वासू संस्था तो सांभाळतात, त्यामुळे होकार प्रमुखाचा असला तरी रक्कम हलते दुसरीकडून. भाडे वेळेवर मिळाले नाही की बोल मात्र प्रमुखालाच. पुढच्या माणसाच्या हवाली करायची ती हीच दौलत, आणि म्हणूनच निरोपाच्या निवेदनात यातले अवाक्षर येता कामा नये.

निवेदन भव्य असावे. त्यात ‘प्रवास’ हा शब्द तीनदा आणि ‘समृद्ध’ हा दोनदा यावा. तुमच्या कारकिर्दीत नवी स्थिर आवृत्ती निघाली असेल तर ती तुमची कामगिरी म्हणून नोंदवा. डेबियनची अशी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, ती रिलीज टीम काढते आणि तयार झाल्याशिवाय काढत नाही, हे ठाऊक असलेले लोक हसतील. पण ते तसेही हसतच होते. थकल्याचा उल्लेख जरूर करा, मात्र कशाने थकलात ते सांगू नका. खर्चाच्या इतक्या विनंत्या तुंबल्या आहेत आणि या दोन भांडणांत मध्यस्थी करून जीव मेटाकुटीला आला आहे, असे नेमके लिहिले तर कोणी तरी मदतीला धावून येण्याचा धोका असतो. त्याऐवजी ‘सध्याचे वातावरण’ एवढेच लिहावे, म्हणजे प्रत्येक वाचकाला ते आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटेल आणि निवेदनावर आठवडाभर चर्चा चालेल. त्या चर्चेत स्वतः उतरू नये. वाचावी मात्र रोज.

इथे कोणी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे उदाहरण देईल, म्हणून त्याचाही परामर्श घेतो. खिदो फान रॉसुम हे पायथनचे निवडून आलेले प्रमुख नव्हते. भाषा त्यांनीच घडवली आणि ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’ ही पदवी समुदायाने त्यांना लाडाने बहाल केली होती. कोलन आणि बरोबरचे चिन्ह जोडून होणाऱ्या एका नव्या क्रियाचिन्हावरून, म्हणजे पेप 572 या प्रस्तावावरून, भरपूर रणकंदन झाले. प्रस्ताव मंजूर झाला आणि जुलै 2018 मध्ये त्यांनी सांगून टाकले की एका प्रस्तावासाठी पुन्हा इतके झगडायचे आणि इतक्या लोकांचा रोष ओढवून घ्यायचा, हे आता आपल्याच्याने होणार नाही. वारसही नेमणार नाही, काय ती व्यवस्था तुम्हीच ठरवा, असे ते म्हणाले. लढाई जिंकून मग तलवार खाली ठेवणे ही अदा उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. समुदायाने गोंधळ घालण्याऐवजी कारभाराच्या पद्धतींचे वेगवेगळे मसुदे लिहिले, डिसेंबरमध्ये मतदान घेऊन पाच जणांच्या सुकाणू समितीचा मसुदा निवडला आणि 2019 च्या सुरुवातीला ती समिती निवडूनही दिली. शिवाय नियमांत लिहून ठेवले की समितीने आपले अधिकार होता होईल तो वापरूच नयेत आणि एकाच कंपनीचे दोनहून अधिक लोक तीत नसावेत. त्या पाचांत फान रॉसुम स्वतः होते, म्हणजे तहहयात पदावरून उतरून ते मुदतीच्या पदावर रीतसर निवडून आले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुढच्या समितीसाठीची आपली उमेदवारी त्यांनी मागे घेतली. या दुसऱ्या पायउताराची आठवण फारशी कोणाला नाही, कारण तोपर्यंत पुढे काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक होते. निवडून आलेल्या माणसाने या दुसऱ्या प्रसंगाचे अनुकरण कदापि करू नये.

लहान प्रकल्पाचे प्रमुख असाल तर तुमच्या हाती एक जास्तीचे हत्यार आहे, ते म्हणजे किल्ल्या. डोमेन तुमच्या खासगी खात्यावर नोंदलेले असेल, प्रकल्पाच्या समाजमाध्यम खात्याचा ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येत असेल, नव्या आवृत्तीवर डिजिटल सही करायची खासगी किल्ली तुमच्याच लॅपटॉपमध्ये असेल, तर हे सारे आहे तसेच राहू द्या आणि ‘हवे तेव्हा सांगा, मी आहेच’ असे प्रेमाने म्हणा. आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटीचे माजी सचिव पाण्याच्या टाकीची किल्ली आणि इतिवृत्ताची वही घरी ठेवून जो मान मिळवतात, तोच मान जगभर पसरलेल्या प्रकल्पात तुम्हाला मिळेल, तोही जिने न चढता. डेबियनमध्ये मात्र हा उपाय चालत नाही. तिथे सर्व्हरची व्यवस्था एका तुकडीकडे, सदस्यांची खाती दुसरीकडे आणि पॅकेजांच्या साठ्याची राखण तिसरीकडे असते, आणि प्रमुख गेला तरी या तुकड्या जागच्या जागी राहतात. संस्था फार जुनी झाली की माणसांवरचा असा अविश्वास तिच्यात मुरतो, दुसरे काय!

उत्तराधिकाऱ्याविषयी बोलताना फार सांभाळावे. खरा धोका असतो तो स्वखुशीने पुढे येणाऱ्यांचा. केरळच्या श्रुती चंद्रन 2020 मध्ये डेबियनच्या प्रमुखपदासाठी उभ्या राहिल्या, हरल्या आणि नंतर पुन्हाही उभ्या राहिल्या; मधल्या काळात, 2023 मध्ये, डेबियनची जागतिक परिषद कोचीला झाली, तिच्या आयोजनातही त्या होत्या. हरूनही काम करत राहणारी अशी माणसे समुदायात असली की ‘माझ्यानंतर कोण’ या प्रश्नातली हवाच निघून जाते. उलट त्याच 2023 च्या निवडणुकीत जोनाथन कार्टर हे एकटेच उमेदवार होते. तरीही निवडणूक टळली नाही, कारण डेबियनच्या मतपत्रिकेवर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय कायम असतो आणि तो जिंकला तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. (आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या नोटाला असे दात नाहीत; महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी, नोटाला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचे ठरवले.) कार्टर यांनी नोटाला हरवले, आपले सलग चौथे वर्ष पुरे केले आणि 2024 मध्ये अर्जच भरला नाही. एवढे जमा केलेले भांडवल त्यांनी असे सरळ बँकेत सोडून द्यावे, याचे मला आजही नवल वाटते.

पद सुटल्यानंतर मात्र तुमचे खरे दिवस सुरू होतात. पदावर असताना स्वतःची मते रेटायची नव्हती. आता ती रेटायला घटनेची आडकाठी राहिलेली नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याइतके हे सोपे आहे, आणि उंट तर समुदायानेच दिलेला आहे. नव्या प्रमुखाच्या प्रत्येक निर्णयाखाली ‘मी विरोध करत नाही, फक्त इतिहास सांगतो’ अशी सुरुवात करून दोन पाने लिहावीत. प्रकरण फारच हाताबाहेर गेले तर प्रमुखाला परत बोलावण्याचा ठराव मांडण्याची तरतूदही आहे. 2006 मध्ये तो प्रयोग झालेला आहे: काही डेव्हलपरांना पैसे देऊन आवृत्ती वेळेवर काढण्याच्या एका स्वतंत्र उपक्रमात त्या वेळचे प्रमुख सहभागी झाले, म्हणून त्यांना हटवण्याचा ठराव आला, आणि मतदारांनी तो फेटाळला. ठराव फेटाळला जातो याने नाउमेद होऊ नये. मांडणाऱ्याचे काम मांडण्याने होते.

नव्या प्रमुखाने कधी विचारले की तुंबलेल्या विनंत्यांपैकी कोणत्या खऱ्याच निकडीच्या आहेत, तर ‘तुम्ही तुमच्या पद्धतीने शिकावे, मला ढवळाढवळ करायची नाही’ असे नम्रपणे कळवा. आणि पुढच्या वर्षी नामांकनाचा आठवडा लागला की सहाव्या दिवशी एवढेच जाहीर करा की अनेकांच्या आग्रहाखातर आपण पुन्हा विचार करत आहात. सातव्या दिवशी अर्ज भरू नका. तोवर ज्यांनी भरायचे ठरवले होते, तेही थांबलेले असतील.