फास्टला ‘ली’ लागत नाही

पुतण्याच्या इंग्रजीच्या वहीत लाल पेनाचा गोल पडला, तो माझ्या कृपेनं. आदल्या रात्री मीच ऐटीत सांगून बसलो होतो, “सोपं असतंय रे. क्रियाविशेषण पाहिजे असलं की मागं ‘ली’ चिकटवायची. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली.” पोरगं गुणाचं. फास्टचं ‘फास्टली’ करून आलं.

“असा शब्दच नाही म्हणाल्या टीचर. नुसतं फास्टच.” वही माझ्या नाकासमोर. “मग हार्डचं काय, काका?”

आता ‘हार्डली’ आहे, पण त्याचा अर्थ जेमतेम. म्हणजे ‘मी हार्डली अभ्यास करतो’ हे वाक्य व्याकरणात बसतं आणि आमच्या पोराच्या बाबतीत खरंही निघतं. मी तेवढं गिळलं आणि कपाटावरची डिक्शनरी काढली.

तिथं वेगळीच भानगड. जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणजे घट्ट, पक्का, न हलणारा. पळण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. क्रियाविशेषण करताना मागं एक ‘e’ लावायचे, तो पुढं झडला, म्हणून विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्ही एकाच कपड्यात फिरतात. मग घट्टचं भरभर कसं झालं? पोराला सांगता येईना. शेवटी आपलाच शब्द मदतीला आला: जोरात. दोरी जोरात धर. आणि जोरात पळ. आपण तरी दुसरं काय केलंय?

“पण आईला साडीवाला म्हणाला होता, रंग फास्ट आहे म्हणून,” पोरगं म्हणालं. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या, साड्या विणणाऱ्या मागांच्या खडखडाटात वाढलेलं पोर, साडी काढणारच. खरंय. पळणारा घोडा फास्ट, आणि धुतल्यावर जागचा न हलणारा रंग, तोही फास्ट. घड्याळ पुढं गेलं की फास्ट. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला. त्यात कोणी वेगानं घोरत नसतं.

एवढ्यात आज्जी ताटली घेऊन आली. एकादशी होती. ताटलीत साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या फोडी, दाण्याचा लाडू, वर केळं.

“आज्जीचा पण फास्ट!” पोरगं ओरडलं.

आता हाही त्याच मुळातला. नियमाला घट्ट धरून राहायचं, तो फास्ट; सकाळी तो मोडायचा, ते ब्रेकफास्ट. आज्जीला मी हे समजावलं. तिनं खिचडीचा घास संपवला आणि म्हणाली, “मी धरलंय की घट्ट.” ताटलीकडं बघता तिनं नक्की काय धरलंय, हे विचारायचं धाडस झालं नाही.

“काका, मग लेटचं लेटली होतंय काय?”

होतं. पण त्याचा अर्थ ‘उशिरा’ नव्हे, ‘अलीकडे’. हे सांगितलं असतं तर रात्र तिथंच गेली असती. मी पायात चप्पल सरकवली, दुधाचं निमित्त काढलं आणि गल्लीत उतरलो. कट्ट्यावर शेजारचे कन्नड आजोबा बसले होते. माझी चाल बघून म्हणाले, “लगू लगू एल्ली होंट्री?”

एवढ्या घाईनं निघालात कुठं, असं त्यांचं म्हणणं. मी कान देऊन ऐकलं. लगूला ‘ली’ नव्हती. जी होती ती ‘एल्ली’त.