डिझेल इंजिनाच्या खडखडाटावर सर्वांत महागडा इलाज

सिग्नलला गाडी उभी आहे, गियर न्यूट्रलला आहे आणि बॉनेटखालून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो आहे. अशा वेळी आपले पहिले कर्तव्य म्हणजे काच वर करणे आणि दुसरे म्हणजे गाणी मोठ्याने लावणे. शेजारी बसलेल्याने विचारलेच, तर "डिझेल आहे, आवाज करणारच" हे वाक्य तयार ठेवावे. ते अर्धे खरे असल्यामुळे फार टिकाऊ आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे १७ पट दाबून तापवली जाते आणि तिच्यात इंजेक्टरने डिझेल फवारले की ते आपोआप, दणकन पेटते. चार सिलिंडरचे इंजिन ८०० फेऱ्यांवर संथ चालत असताना असे १६०० दणके मिनिटाला होतात, तेव्हा थोडी टकटक त्याचा हक्कच आहे. कॉमन रेल, म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या, इंजिनात मुख्य फवाऱ्याच्या आधी चिमूटभर डिझेल सोडून हा दणका मुद्दाम सौम्य केलेला असतो, आणि म्हणून काल नसलेली खडखड आज आली तर तिला काही कारण असते, हा उरलेला अर्धा भाग मात्र उच्चारू नये.

आवाज दुर्लक्षाला पुरून उरला, तर फोनवर त्याची चित्रफीत काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकावी. तिथे दहा मिनिटांत निदान मिळते. एक काका इंजेक्टर म्हणतील, दुसरे टायमिंग चेन म्हणतील आणि ज्यांच्याकडे आयुष्यभर पेट्रोल गाडी होती ते "इंजिन उतरवावे लागेल" असे सांगून मोकळे होतील. यातले सर्वांत महाग उत्तर खरे मानावे. आवाज कधी येतो, हे त्यांच्यापैकी कोणीही विचारणार नाही आणि आपणही सांगू नये, कारण निम्मे निदान त्या एका प्रश्नातच उरकते आणि मग खर्चाला वाव राहत नाही.

आपल्याकडची सर्वांत ओळखीची डिझेल गाडी घ्या. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन रांजणगावात बनले, मारुतीने ते परवान्याखाली मानेसरला बनवले, आणि २००७ च्या डिझेल स्विफ्टपासून ते इतक्या गाड्यांत बसले की त्याला देशाचे राष्ट्रीय इंजिन म्हणत. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे कडक प्रदूषण नियम आले आणि मारुतीने डिझेलला रामराम ठोकला, पण ती इंजिने अजून रस्त्यावर आहेत आणि वयोमानानुसार बोलूही लागली आहेत. त्यांच्यात टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखण्यासाठी, पट्टा नसून साखळी असते आणि तिला ताण देणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत हा दाब शून्य असतो. सकाळी स्टार्टर मारताच साखळी क्षणभर सैल वाजते आणि ऑइल पोहोचले की गप्प होते. ही वाजणी दिवसेंदिवस लांबू लागली, किंवा गरम इंजिनातही राहू लागली, तर साखळी ताणली आहे किंवा टेन्शनर थकला आहे, असा संशय घ्यायला जागा असते. म्हणून गॅरेजमध्ये जाताना गाडी आधी दहा-पंधरा किलोमीटर पळवून चांगली गरम करावी. मिस्त्री बॉनेट उघडून कान देईल, त्याला काहीच ऐकू येणार नाही, आणि आपण "सकाळी येतो हो" असे ओशाळून म्हणत परत याल. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी त्याच्या हातूनच सुरू करून घेण्याचा विचार मनात आला, तर तो झटकून टाकावा. साखळी दात चुकवून सरकली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटीचे बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. एवढी मोठी खरेदी दोन कानांच्या भरवशावर कोण टाळणार?

ऑइल हा तर आपल्या लोकांचा जिव्हाळ्याचा विषय. कंपनीने पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिले असेल, तर आवाज दबावा म्हणून २०डब्ल्यू-५० भरावे; जाड ऑइल थंड इंजिनात टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचते आणि सकाळचा खडखडाट आणखी दीर्घ होतो, हा त्यातला बोनस. डिपस्टिक काढून पाहू नये. पातळी खाली दिसली तर वरून भरावे लागेल, आणि बीएस-६ गाडीत ती वर चढलेली दिसली तर एक्झॉस्टचा फिल्टर जाळून साफ होताना डिझेल ऑइलमध्ये उतरते, ही नसती माहिती डोक्यात शिरेल.

क्लचचा पेडल तर आवाज चालू असताना चुकूनही दाबू नये. या परीक्षेला पैसा लागत नाही, हाच तिचा दोष आहे. पेडल दाबताच खडखड थांबली, तर बोट गियरबॉक्सच्या शाफ्टकडे किंवा फ्लायव्हीलकडे जाते. दाबल्यावरच सुरू झाली, तर रिलीज बेअरिंगकडे. काहीच फरक पडला नाही, तरच इंजिनाकडे वळायचे. एवढ्याने निम्मी यादी कटते. एसी चालू-बंद करून कंप्रेसरचा संशय फेडणे हाही असाच फुकटचा आणि म्हणूनच अप्रतिष्ठित प्रकार आहे.

सायलेन्सरच्या पाइपावर उष्णता अडवणारा एक पातळ पत्रा असतो. बोल्टाभोवतीचे भोक गंजून मोठे झाले की तो सैल पडतो आणि नेमका संथ फेऱ्यांवरच थरथरतो. रेस दिली की कित्येकदा गप्प बसतो. जुना मिस्त्री गाडीखाली वाकून लाकडी दांडक्याने तो पत्रा दाबून धरतो. आवाज बंद. दांडके काढतो. आवाज सुरू. मग एक मोठा वॉशर आणि एक होज क्लिप लावतो आणि वर चहाही पाजतो. अशा माणसाकडे जाऊ नये. त्याच्याकडे जाऊन आपण गटात काय सांगणार, पत्रा वाजत होता?

प्रतिष्ठा आहे ती इंजेक्टरमध्ये. चारही एकदम बदलावेत. स्कॅनर लावून कोणत्या सिलिंडरला इंधनाचे प्रमाण जास्त बदलून द्यावे लागते ते पाहणे, किंवा चारही परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून कोणती बाटली लवकर भरते ते पाहणे, या पद्धतींनी एखादाच इंजेक्टर दोषी ठरण्याची भीती असते. कधी इंजेक्टर धडधाकट असतो आणि त्याच्या बुडाचा तांब्याचा वॉशर गेलेला असतो. तिथून फुसफुस येते आणि भोवती काळी, कडक पुटे चढतात. वॉशर काही रुपयांचा असतो, म्हणून तिकडे बॅटरी मारून पाहू नये. (एक वाक्य मात्र सरळ अर्थाने घ्यावे: चालू कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरच्या लोखंडी पाइपाचा नट कोणीही, कधीही सैल करू नये, आत शेकडो बारचा दाब असतो आणि ती धार कातडी भेदून आत जाते. जुन्या पंपाच्या जीपवर शिकलेल्या मिस्त्रीला हे आधीच बजावून ठेवावे.)

इंजेक्टर झाले, साखळी झाली, क्लच झाला, आणि पत्रा अजून वाजतोच आहे, अशा टप्प्यावर सुज्ञ मालक गाडी विकायला काढतो. गिऱ्हाईक येण्याआधी अर्धा तास इंजिन चालू ठेवावे, एसी बंद ठेवावा आणि बॉनेटपाशी उभे राहून मायलेजबद्दल भरपूर बोलावे. गिऱ्हाईक बोलता बोलता बॉनेटवर तळहात टेकवून "गाडी आधीच गरम कशी?" असे विचारू लागले, तर किमतीत दहा हजार सोडावेत आणि त्याला क्लचवर पाय ठेवू देऊ नये.