मधला चॅनल रिकामा नसतो

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, माहेरच्या आणि एका ऑफिसच्या. मजकूर थोडक्यात असा: "शेजाऱ्यांचं वायफाय तुमचा स्पीड खातं. सगळे राऊटर १, ६ आणि ११ या चॅनलवर गर्दी करतात, तुम्ही ३, ४, ८ किंवा ९ हा रिकामा चॅनल घ्या. रुंदी २० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ करा, स्पीड दुप्पट होईल. पॉवर शंभर टक्के ठेवा, शेजारचा सिग्नल दबेल. ५ गिगाहर्ट्झ घेतलं की प्रश्नच मिटला. कंपन्या हे सांगत नाहीत."

घरोघरी आणि छोट्या ऑफिसांत नेटवर्क लावून देणं हे माझं रोजचं काम. म्हणून हे लिहायलाच हवं. मेसेज लिहिणाऱ्याने रोग बरोबर ओळखला आहे. शेजारच्या राऊटरचा त्रास होतो, हे खरंच आहे. पण सांगितलेले बहुतेक उपाय तो त्रास वाढवतात, आणि वाढवतात तो दोन्ही घरांचा.

सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात चुकीचा मुद्दा मधल्या चॅनलचा. त्यावर जरा सविस्तर बोलते.

वायफायच्या लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनल म्हणजे ठरवून दिलेल्या जागा. त्यातल्या चॅनल १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर असतो, आणि पुढचा प्रत्येक चॅनल फक्त ५ मेगाहर्ट्झ सरकून बसतो. वायफायला मात्र लागतात २० मेगाहर्ट्झ, हीच त्याची रुंदी. म्हणजे चॅनल १ ची व्याप्ती २४०२ ते २४२२, आणि ६ ची २४२७ ते २४४७. आता कुणी ३ निवडला, तर त्याची जागा २४१२ ते २४३२. तो १ चा अर्धा भाग खातो आणि ६ चाही पाव भाग खातो. ४ निवडला तर हेच उलट. आसपासची वायफाय नावं चॅनलनुसार दाखवणाऱ्या अॅपमध्ये त्या आकड्यावर कुणाचं नाव दिसत नाही म्हणून तो रिकामा वाटतो, पण तिथली हवा दोन्ही बाजूंनी भरलेली असते.

मुंबईत एफएम लावणाऱ्यांना हे लगेच पटेल. ९२.७, ९३.५, ९४.३. प्रत्येक स्टेशनात ०.८ चं अंतर आहे. ९३.१ वर कुणी नाही, पण ती जागा वाया गेलेली नाही. दोन स्टेशनं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती मुद्दाम सोडली आहे. १, ६ आणि ११ मधलं २५ मेगाहर्ट्झचं अंतर त्याच कारणासाठी आहे.

मग लोक विचारतात, "पण १ वर आधीच पाच जण आहेत, सहावा मी कशाला जाऊ?" विचारणं रास्त आहे. उत्तर असं की एकाच चॅनलवरचे राऊटर एकमेकांचं बोलणं ओळखतात. वायफायमध्ये प्रत्येक जण बोलण्याआधी ऐकतो. दुसऱ्याच्या पॅकेटच्या, म्हणजे पाठवलेल्या डेटाच्या तुकड्याच्या, सुरुवातीलाच ते किती वेळ चालणार हे लिहिलेलं असतं, ते वाचून बाकीचे तेवढा वेळ थांबतात. ही ओळख पटायला उणे ८२ डीबीएम इतका क्षीण सिग्नलही पुरतो (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण). शेजारी अर्धवट सरकलेल्या चॅनलवर असेल तर त्याचं बोलणं वाचता येत नाही. तो नुसता गोंगाट असतो, आणि गोंगाटासाठी थांबण्याची मर्यादा उणे ६२ डीबीएम आहे. फरक २० डीबीचा, म्हणजे शंभर पटींचा. या दोन आकड्यांच्या मधे जो जो आवाज येतो, त्याच्यावर तुमचा राऊटर खुशाल बोलत सुटतो. दोघांचीही पॅकेटं मोडतात, पुन्हा पाठवावी लागतात, राऊटर घाबरून वेग उतरवतो, आणि तेच पॅकेट आता जास्त वेळ हवा अडवून बसतं.

एकाच चॅनलवर रांग लागते, हे मान्य. पण रांगेत नंबर येतो.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाची ऑनलाइन परीक्षा होती. मेसेज वाचून त्यांच्या जावयाने राऊटर ३ वर टाकला होता. दुपारी स्पीड टेस्ट छान आली, म्हणून सगळे खूश. संध्याकाळी सात वाजता पोराचा स्क्रीन गोठला. मी गेले तेव्हा तो फोनचा हॉटस्पॉट धरून खिडकीत उभा होता, एका हाताने उत्तरं टिपत. काकूंच्या फोनवर ते अॅप उघडलं, तर आलेखात डावीकडे १ ची कमान, उजवीकडे ६ ची, आणि दोघींच्या पोटात यांची तिसरी. राऊटर ६ वर आणला, रुंदी २० केली, पंधरा मिनिटांत काम झालं. दुसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या ताईंनी आपणहून सांगितलं, "कालपासून आमचंही बरं चालतंय गं." त्यांच्या राऊटरला तर मी हातही लावला नव्हता.

दुपारची ती छान स्पीड टेस्टही समजून घ्या. शेजाऱ्यासाठी थांबणं बंद केलं की दहा सेकंदांच्या चाचणीत आकडा वाढू शकतो. शेजारी शांत असतो तोवरच. घरी सगळे आले की दोघंही हरतात.

माहिती असलेले काही जण १, ५, ९, १३ असे चार चॅनल सुचवतात. आपल्याकडे २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा खुला आहे, त्यामुळे १३ चालतो, आणि नव्या उपकरणांना २० चं अंतर पुरतंही. पण हे जमायचं तर अख्ख्या इमारतीने तेच वापरायला हवं. एकटा फ्लॅट ५ वर गेला, तर तो १ ला चाटून जातो आणि ६ च्या डोक्यावर बसतो. शिवाय अमेरिकेहून भावाने आणलेल्या फोनला किंवा लॅपटॉपला १२ आणि १३ पुष्कळदा दिसतच नाहीत, कारण तिथे ११ पर्यंतच वापरतात. मग "ताईच्या घरी वायफाय आहेच कुठे?" असा फोन येतो.

४० मेगाहर्ट्झचा मुद्दा लवकर संपतो. सगळा पट्टाच ८३.५ मेगाहर्ट्झचा. एका घराने त्यातला निम्मा घेतला, तर तीन स्वच्छ जागांपैकी दोन गेल्या. तुम्हालाही दुप्पट रुंदीतला गोंगाट ऐकावा लागतो. शेतातल्या एकट्या घरात ४० ठेवा, चाळीत आणि टॉवरमध्ये २०.

पॉवरचं लोकांना सहज पटतं, म्हणून ते जास्त घातक आहे. राऊटरचा आवाज वाढवता येतो, फोनचा नाही. फोन बेडरूममधून चारही दांड्या दाखवतो, पण त्याचं उत्तर राऊटरपर्यंत नीट पोचत नाही. तिकडे तुमचा सिग्नल आणखी दोन मजले ओलांडतो आणि तिथल्यांना तुमच्यासाठी थांबायला लावतो. ते त्यांची पॉवर वाढवतात. कुणीच दबत नाही. त्यापेक्षा राऊटर हलवा. फायबरची वायर दारातून येते म्हणून राऊटर दाराशीच, बुटांच्या कपाटावर किंवा टीव्ही युनिटच्या खणात टीव्हीच्या पाठीमागे बसवलेला मी रोज बघते. तो घराच्या मध्यावर, उघड्यावर, छातीइतक्या उंचीवर आणला तर पॉवर कमी करूनही घर भरतं. लोखंडी कपाटाच्या आड काहीही केलं तरी चालत नाही.

५ गिगाहर्ट्झबद्दल मेसेज बराचसा बरोबर आहे. २०१८ मध्ये आपल्याकडे या भागातला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय खुला झाला. तिथे चॅनल ३६, ४०, ४४ असे मोजतात, म्हणजे २० मेगाहर्ट्झचे, एकमेकांना न चाटणारे. भिंती या लहरींना जास्त अडवतात, म्हणजे शेजारचा सिग्नलही कमी येतो, तेही इथे फायद्याचंच. पण "प्रश्नच मिटला" हे खोटं आहे. पुष्कळदा राऊटर खोक्यातून निघतो तोच ८० मेगाहर्ट्झ लावून, आणि ३६ ते ४८ हा अख्खा गट एकटा घेतो. बरेच स्वस्त राऊटर हा गट आणि १४९ च्या पुढचा गट एवढेच ओळखतात. म्हणजे सातमजली इमारतीला जागा उरल्या दोन! या दोन गटांच्या मधले चॅनल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात. तिथे राऊटरने आधी मिनिटभर ऐकायचं आणि रडार दिसलं तर जागा सोडायची असा नियम आहे. मुंबईत वेरावलीला २०२२ मध्ये सुरू झालेलं हवामान खात्याचं डॉपलर रडार सी बँडचं, म्हणजे लहरींच्या याच भागातलं आहे. पावसाचा अंदाज आपल्याला तिथून मिळतो, त्यामुळे हा नियम मला अजिबात जाचक वाटत नाही. तुमचा राऊटर हे मधले चॅनल देत असेल तर जरूर वापरा. नसेल, तर दाटीच्या इमारतीत रुंदी ८० वरून ४० करा आणि शेजारी ३६ वर असेल तर तुम्ही १४९ घ्या. फोनवर रील बघायला ४० भरपूर होतात.

"कंपन्या सांगत नाहीत" यात तथ्य नाही. १, ६, ११ चा सल्ला तंत्रज्ञ पूर्वीपासून उघडपणे देत आले आहेत.

मेसेजमध्ये एक मोठी गोष्ट मात्र आलीच नाही. प्रत्येक वायफाय नाव सेकंदाला साधारण दहा वेळा "मी इथे आहे" अशी हाक मारतं. राऊटरमध्ये 'बी' मोड, म्हणजे वायफायची जुनी, संथ पद्धत, चालू असेल तर ही हाक १ एमबीपीएसच्या वेगाने जाते. अडीचशे बाइटची हाक, म्हणजे दोन मिलिसेकंदांहून थोडी जास्त. दहा हाका झाल्या की हवेचा दोन टक्के वेळ गेला, कुणी काहीही न बघता. आता एका चॅनलवर दहा घरं आणि प्रत्येकाचं पाहुण्यांसाठीचं आणखी एक 'गेस्ट' नाव धरा. चाळीस टक्क्यांच्या वर वेळ नुसत्या हाकांत संपला. 'बी' बंद केला की हाक ६ एमबीपीएसने जाते आणि हाच खर्च सातेक टक्क्यांवर येतो. न लागणारं गेस्ट नाव काढलं की आणखी निम्मा. आणि जो टीव्ही भिंतीवरून कधी हलणार नाही, त्याला वायर लावा. त्याचा सगळा भार हवेतून उतरतो.

आमच्याकडे आम्ही पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी एक कागद लावला आहे. मजल्यावर चार फ्लॅट आणि चॅनल तीनच (१, ६, ११), म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोघांना एकच दिला आहे. वरच्या मजल्यावर क्रम एकाने सरकवला आहे, म्हणजे डोक्यावरच्या फ्लॅटचा चॅनल आपल्यापेक्षा वेगळा येतो. सगळ्यांची रुंदी २०, 'बी' बंद. अठ्ठावीसपैकी सव्वीस घरांत झालं. २०३ आणि ५०१ च्या राऊटरचा पासवर्ड त्यांच्या नेटवाल्याने दिलेला नाही, दोनदा फोन केला आहे. आमच्या कागदाचा फोटो हवा असेल तर घ्या, पण फ्लॅटची मांडणी तुमच्या इमारतीची करून घ्या. आणि सुरुवात बरोबर वरच्या आणि बरोबर खालच्या घराची बेल वाजवून करा.