चावदिसाचे पोहे आणि ४४ हा आकडा

दिवाळीला दोन आठवडे उरले असताना आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या पुतणीने एक तक्ता टाकला. एक चकली जिरवायला किती मिनिटे चालावे, बेसनाच्या एका लाडवापोटी किती जिने चढावेत, असा तो हिशेब होता. खाली तिचा निर्णय: यंदा घरात तळण नाही, खजुराचे लाडू आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा, तोही मोजून. काकूने त्यावर एकच वाक्य लिहिले, ‘मग दिवाळी तरी कशाला करता?’ आणि ग्रुप दोन दिवस धुमसत राहिला.

मी चौदा वर्षे नेदरलँड्समध्ये, आइंटहोवनला राहते. इतक्या लांबून दोन्ही बाजू पोरकट दिसतात, असे मी त्यांना सुनावले. इथले लोक ३१ डिसेंबरला बेदाणे घातलेले ओलिबोलन, म्हणजे पिठाचे गोळे, तेलात तळतात, त्यांवर पिठीसाखरेचा थर चढवतात आणि दुसऱ्या दिवशी स्खेव्हेनिंगेनच्या गोठवणाऱ्या समुद्रात हजारोंनी उड्या घेतात; ही रीत १९६० साली झांडफोर्टला सुरू झाली. तक्ता कोणी लावत नाही, सुट्टी संपली की पावसात सायकल काढतात आणि कामाला जातात. (क्राउडनोटन, म्हणजे छोटी मसालेदार बिस्किटे, मात्र ऑगस्ट सरता सरताच दुकानांत येतात आणि डिसेंबरच्या सुरुवातीच्या सिंटरक्लास सणापर्यंत ऑफिसातल्या कॉफी मशीनशेजारची वाटी रिकामी होत नाही, एवढा तपशील मी सोयीस्करपणे गाळला.)

मला चीड आली ती वेगळ्याच कारणाने. चकली-शंकरपाळ्यांवरून भांडणाऱ्या या दोघी मुळात कुडाळच्या, आणि आमच्याकडे दिवाळी म्हणजे फराळ नव्हताच, पोहे होते. चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे तेल-उटणे लावून आंघोळ करायची, तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याची कडूजहर बी जिभेला लावायची आणि मगच नव्या भाताचे पोहे खायचे: दुधातले, ताकातले, गूळ-खोबऱ्याचे, तिखट, आणि जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ. मग वाडीतल्या सात-आठ घरी जायचे, घाटी चढत-उतरत, आणि प्रत्येक घरी दोन घास खायचे. चालण्याची मिनिटे तेव्हा कोणी मोजली नाहीत. दिवाळीला चिवडा लागतो, हे मला पुण्यात कॉलेजला गेल्यावर कळले. खाण्यात खोट नव्हती, ते एका सकाळपुरते आणि दहा घरांत वाटलेले होते. आता तोच चिवडा बाराही महिने दुकानात मिळतो आणि एकटा माणूस पिशवी फोडून बसतो.

एवढे लांबलचक प्रवचन मी ग्रुपवर टाकले. पुतणीने शांतपणे आधी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ सालच्या अभ्यासातला आकडा दिला, देशात १०.१ कोटी मधुमेही, आणि खाली विचारले, ‘आत्या, तुझी साखर किती आहे?’

फेब्रुवारीत हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, माझे रक्त तपासले होते. रिपोर्टवर एचबीएवनसीपुढे, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेपुढे, ४४ लिहिलेले होते, आणि इथे हा आकडा टक्क्यांत देत नाहीत, त्यामुळे मला आधी काहीच वाटले नाही. घरी येऊन हिशेब केला, तर तो सुमारे ६.२ टक्के निघाला, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मी रोज जाऊन-येऊन अठरा किलोमीटर सायकल चालवते, हे मी डॉक्टरांना जरा ताठ्यातच सांगितले. त्यांनी कौतुक केले, मग म्हणाले की तुमच्या, म्हणजे दक्षिण आशियाई, वंशाच्या लोकांनी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ झाल्यावरच सावध व्हावे, २५ ची वाट पाहू नये. आणि स्क्रीनकडे वळून विचारले, ‘हिंदुस्तानी?’ इथे हा शब्द सुरिनामहून आलेल्यांसाठी आहे, १८७३ पासून बिहार आणि आसपासच्या मुलखातून करारावर मळ्यांत नेलेल्या मजुरांच्या वंशजांसाठी. त्यांच्या तोकोतून, म्हणजे किराणा दुकानातून, मी कारली आणते, पण आपण त्यांच्यातले नाही, आपण हायटेकवाले, असे चौदा वर्षे मनाशी धरून होते. रक्ताने ते धरले नव्हते. मी ‘हो’ म्हटले.

कारीट इथे मिळत नाही. बाल्कनीतल्या तुळशीपाशी मी कारल्याचा तुकडा अंगठ्याखाली दाबते. फराळ मात्र पुण्याहून कुरिअरने मागवते, ज्याच्यावर एवढी टीका केली तोच. ऑफिसात डबा उघडला की सहकारी चिमटीत चार दाणे घेतात, ‘लेकर’, म्हणजे चविष्ट, म्हणतात आणि पाणी शोधतात. शेजारच्या आजी आनंदाने डबा घेतात आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ धुऊन, रिकामा, माझ्या दाराबाहेर ठेवतात. उरलेला किलोभर चिवडा मी पाच वाजता अंधार पडला की ओट्याशी उभी राहून खाते. पुतणीच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेले नाही.