तामारची बावीस वचनं

२०२४ च्या ऑगस्टमधला रविवार. निंदणाचे दिवस, म्हणून उपासनेला बाया कमीच होत्या. पहिलं वाचन माझ्याकडे होतं, बायबलमधलं २ शमुवेल हे पुस्तक, अठरावा अध्याय. दावीद राजावर उलटलेला त्याचा लेक अबशालोम; खेचरावरून जाताना त्याचं डोकं झाडात अडकतं, तो मारला जातो आणि राजा लेकाचं नाव घेऊन टाहो फोडतो. वाचताना माझाच गळा दाटून आला.

उपासना सुटल्यावर शेजारच्या आजीनं हात धरला. "पोरी, थो लेक बापावर उलटला काहून?"

त्याचं उत्तर तेराव्या अध्यायात आहे, आणि तो अध्याय तक्त्यातच नाही. हा तीन वर्षांचा वाचनाचा तक्ता १९९२ चा, जगभरातल्या कितीतरी मंडळ्या तो वापरतात. त्यात एका रविवारी दावीद दुसऱ्याची बायको बथशेबा हिला आणवतो तो भाग, दुसऱ्या रविवारी त्यावरून नाथान संदेष्टा राजाला सुनावतो तो भाग, आणि तिसऱ्या रविवारी थेट अठरावा अध्याय. बाराव्यावरून अठराव्यावर उडी.

आजीला वाचता येत नाही. मग ओसरीवरच बसले आणि पहिली बावीस वचनं वाचून दाखवली. दावीदचा लेक अम्नोन आजाराचं सोंग घेतो. सावत्र बहीण तामार त्याच्यासमोर कणीक मळते, पोळ्या भाजते. तो सगळ्यांना बाहेर काढतो. ती विनवते, असं करू नको. तो ऐकत नाही. नंतर तिलाच बाहेर घालवून दाराला कडी लावायला सांगतो. ती डोक्यावर राख घालते, अंगातला झगा फाडते, रडत रस्त्यानं जाते. सख्खा भाऊ अबशालोम म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे. बाप दावीद संतापतो आणि करत काहीच नाही.

एव्हाना आणखी चार बाया येऊन बसल्या होत्या. 'गप्प राहा' ऐकल्यावर त्यातली एक म्हणाली, "आमच्या घरीबी असंच म्हणाले होते." ती कशाबद्दल बोलली, हे कोणी विचारलं नाही. आजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "हे पुस्तकात हाय? मंग चर्चात काहून वाचत नाही?"

बायबलमधली शत्रूला शाप देणारी स्तोत्रंही वगळली जातात, पण त्यांच्याबद्दल माझं एवढं म्हणणं नाही. कॅथोलिक चर्चनं १९७१ च्या नित्य प्रार्थनेच्या पुस्तकातून ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं अख्खी वगळली. शत्रूच्या वाईटाची प्रार्थना भलत्याच्या तोंडी लागू शकते, ही भीती मला समजते. पण तामार कोणाला शाप देत नाही. तिच्यावर जे झालं तेवढंच तिथे लिहिलंय.

पाळकसाहेबांशी बोलले. ते म्हणाले, "बाई, लेकरं बसलेली असतात. लोक आठवडाभर राबून आशेचा शब्द ऐकायला येतात." लेकरांचं खरं आहे. त्या दिवशी त्यांना संडे स्कूलमध्ये बसवा, आदल्या रविवारी मंडळीला सांगून ठेवा. आशेचं मात्र मला पटलं नाही. ओसरीवर ती बाई इतक्या वर्षांनी बोलली, ती हा अध्याय ऐकून बोलली. जिला अक्षर येत नाही तिच्यासाठी चर्चमध्ये जेवढं वाचलं जातं तेवढंच बायबल. दावीद लेकासाठी रडला हे तिला माहीत आहे. लेकीसाठी तो उठला नाही हे तिला कोण सांगणार?

२०२७ च्या ऑगस्टमध्ये ही वाचनं पुन्हा येतील. त्या रविवारी अठराव्याच्या आधी तेरावा वाचू द्या, असं मी लेखी दिलंय. पाळकसाहेब 'बघू' म्हणालेत. आजी दर रविवारी त्यांना आठवण करून देते.