कफातल्या पेशी मशीन ‘ओळखत’ नाही

एक दावा सध्या बराच फिरतोय: कफाचा नमुना फ्लो सायटोमीटरला (पेशी एकेक करून लेझरसमोरून नेणाऱ्या मशीनला) लावला की कोणती रोगप्रतिकारक पेशी किती, हे मशीनच सांगतं, रक्तासाठीचं पॅनेल (पेशींवरच्या खुणांना चिकटणाऱ्या, रंग लावलेल्या अँटिबॉडींचा संच) इथेही चालतं, सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघायची गरज उरली नाही. असल्या रिपोर्टवर उपचार ठरतात, म्हणून हे खोडायलाच हवं.

मशीन काहीही ओळखत नाही. लेझरसमोरून गेलेल्या प्रत्येक कणाने किती प्रकाश विखुरला आणि कोणत्या रंगात किती चमक दिली, एवढंच ते मोजतं. तो कण म्हणजे एक पेशी, चिकटलेल्या दोन पेशी की श्लेष्म्याचा तुकडा, हे आलेखावर गेट, म्हणजे मोजायच्या ठिपक्यांभोवतीची हद्द, आखणारा माणूस ठरवतो. कफात तोंडातल्या सपाट पेशी, मेलेल्या पेशी, जिवाणू असं सगळंच येतं. तो पातळ करायला वापरतात ते डायथायोथ्रायटॉल श्लेष्म्यातले डायसल्फाइड बंध तोडतं. तसेच बंध पेशीवरच्या प्रथिनांतही असतात. एखादी खूण त्यातच पुसट झाली, तर पेशी असूनही मोजणीत येत नाही.

रक्ताच्या पॅनेलने तर हमखास फसगत होते. रक्तातल्या मोनोसाइटवर (एक प्रकारची पांढरी पेशी) सीडी१४ (पेशीवरची एक प्रथिन-खूण; सीडी नावाच्या बाकीच्याही तशाच) ठळक दिसतं, फुप्फुसातल्या मॅक्रोफेजवर (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशींवर) बरंच कमी. तिथे सीडी२०६ आणि सीडी१६९ लागतात. शिवाय हे मॅक्रोफेज मुळातच चमकतात. धूम्रपान करणाऱ्याच्या नमुन्याची अँटिबॉडी न घातलेली नळी चालवून बघा: हिरवा प्रकाश मोजणाऱ्या चॅनलमध्ये ठिपक्यांचा अख्खा ढग उजवीकडे, म्हणजे जास्त चमकेकडे, सरकलेला दिसतो, आणि रंग तर अजून घातलेलाच नाही! त्यात मॅक्रोफेजवर थोडं सीडी४ही असतं. आधी सीडी३ (टी पेशींची खूण) न बघता ‘सीडी४ पॉझिटिव्ह म्हणजे टी पेशी’ म्हटलं की आकडा फुगलाच.

स्लाइडचं म्हणाल, तर फुप्फुस धुतलेल्या द्रवाचं उदाहरण घ्या: धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाच्या त्या द्रवात साधारण ८५ टक्क्यांहून जास्त मॅक्रोफेज असतात आणि इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जेमतेम १ टक्का. त्या गर्दीतले थोडेसे चमकणारे मॅक्रोफेज इओसिनोफिलच्या गेटमध्ये शिरले, तरी १ चे ४ व्हायला वेळ लागत नाही. स्लाइडवर ती चूक लगेच नजरेत भरते.

फ्लोची खरी ताकद लिम्फोसाइट (टी, बी अशा पांढऱ्या पेशी) वेगळे ओळखण्यात आहे. टी की बी, सीडी४ की सीडी८, हे साध्या रंगवलेल्या स्लाइडवर कळत नाही. फुप्फुस धुतलेल्या द्रवात सीडी४ आणि सीडी८ टी पेशींचं गुणोत्तर ३.५ च्या वर गेलं तर सार्कॉइडोसिसच्या (फुप्फुसांत सुजेच्या बारीक गाठी करणाऱ्या आजाराच्या) निदानाला बळ मिळतं. पण ते कमी आलं म्हणून सार्कॉइडोसिस नाही, असं म्हणता येत नाही.